मुक्काम काशी, पत्र साताऱ्याला

मणिकर्णिकेवरून गंगेच्या काठाने उत्तरेकडे निघालं की आधी शिंदे घाट लागतो. त्याला लागून संकठा घाट, मग गंगामहाल, भोसले घाट आणि थोडं पुढे गणेश घाट. संकठा घाटाच्या पायऱ्या चढून गेलं की वर गल्लीत संकठा देवीचं देऊळ आहे. संकटातून सोडवणारी देवी अशी तिची ख्याती, त्यामुळे शुक्रवारी इथे बायकांची रीघ असते. देवळातून खाली उतरून दोन्ही बाजूंना पाहिलं, तर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी राजकारणाचा मोठा भाग या काठावर दगडात उभा दिसतो. शेजारचा शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवला आणि तो आपल्याच वजनाने खचला. भोसले घाट नागपूरकरांचा. गणेश घाट अमृतराव पेशव्यांचा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा काशीतच राहिले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी इथे जन्मली, तीच पुढे झाशीची राणी झाली.

राज्य गेलेली, पद गेलेली, सरकारच्या मर्जीतून उतरलेली माणसं काशीला येत. काही आपण होऊन आली, काहींना आणून ठेवलं गेलं. सोबत कारभारी, कारकून, शागीर्द, भटजी असा लवाजमा असे. यांतल्या अनेकांची घरं मात्र मागे देशावर राहिली होती. बायको, आई, मुलं सातारा-पुण्याकडे आणि कर्ता पुरुष गंगेकाठी, अशा संसाराला बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, पत्र.

हे पत्र कसं लिहिलं जाई, कोणत्या वाटेने जाई आणि घरी पोचल्यावर कोण वाचे, ते क्रमाने पाहू. एक सूत्र आधीच सांगून ठेवतो. जुनं पत्र समजून घ्यायचं असेल तर आधी ते किती हातांतून गेलं, हे मोजावं. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या पत्रात प्रेमाचा शब्द का सापडत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या हातांत असतं.

पत्रांपायी गेलेलं राज्य

उदाहरणासाठी साताऱ्याचं घेऊ. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून उतरवलं. आधी साताऱ्याजवळ लिंब इथे ठेवलं आणि तिथून काशीला पाठवलं. त्यांचे चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती त्या प्रवासातच वारले. महाराज पुन्हा साताऱ्याला आले नाहीत. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशीतच त्यांचं निधन झालं.

महाराजांवरचे आरोप मुख्यतः पत्रव्यवहाराचे होते. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संपर्क ठेवला, कंपनीच्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवलं, असं सरकारचं म्हणणं होतं. पुराव्यादाखल शिक्क्याचे कागद पुढे केले गेले. हे सगळं बनावट आहे, असं महाराज आणि त्यांची माणसं शेवटपर्यंत सांगत राहिली.

ही बाजू मांडायला १८३९ मध्येच साताऱ्याची माणसं लंडनला गेली. त्यांतले रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षं तिथेच राहिले. ते मूळचे साताऱ्याजवळच्या कारीचे, शिवकाळातल्या दादाजी नरस प्रभूंच्या घराण्यातले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत ते बोलले, पत्रकं छापून वाटली, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्सन यांच्यासारख्या माणसांना त्यांनी महाराजांच्या बाजूने उभं केलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी महाराज आणि रंगो बापूजी या दोघांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे.

म्हणजे त्या काळात साताऱ्याच्या या मंडळींचे तीन मुक्काम होते. महाराज काशीत, वकील लंडनमध्ये आणि घर साताऱ्याकडे. या तीन ठिकाणांमधून कागद फिरत होते. शिक्क्याच्या कागदांनी राज्य कसं जातं, हे पाहिलेली ही माणसं घरच्या पत्रातही शब्द जपून टाकणार, हे उघड आहे.

लिहिणारा हात

कर्ता पुरुष पत्र स्वतः लिहीच असं नाही. तो सांगे आणि कारकून लिही. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, लेखणी बोरूची, शाई काजळीची, लिपी मोडी. कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग अक्षरं तिला लोंबती ठेवत भराभर लिहीत जाई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते आणि शब्द सुटे ठेवायची चालही नाही. मजकूर संपला की ओल्या शाईवर बारीक वाळू टाकत. जुनं पत्र उलगडताना आजही कधी त्या वाळूचे कण बोटाला लागतात.

पत्राचा साचा ठरलेला असे. तो डोळ्यांपुढे यावा म्हणून नमुन्यादाखल एक जुळवून दाखवतो. मजकूर माझा, पण यातली वळणं त्या काळच्या पत्रांत वारंवार भेटतात:

श्री. सौभाग्यवती वज्रचुडेमंडित अमुक यांसी आशीर्वाद उपरी. येथील कुशल आश्विन शुद्ध ५ पावेतो मुक्काम काशी जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे. विशेष. तुमचे पत्र पावले, मजकूर कळला. चिरंजिवाचे मुंजीचे लिहिले, त्यास वडिलांचे विचारे करणे. हुंडी पाठविली आहे, पावल्याचे उत्तर पाठवावे. येथील वर्तमान येणारा मुखजबानी सांगेल. बहुत काय लिहिणे, हे आशीर्वाद.

एकेक तुकडा पाहू. ‘श्री’नंतरचा भाग म्हणजे मायना. ज्याला लिहायचं त्याचं नातं, वय आणि मान पाहून तो ठरे. वडिलांना साष्टांग नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, सुवासिनीला ‘सौभाग्यवती’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. यात चूक म्हणजे अपमान. मायना वाचला की लिहिणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नातं कळतं, भावना कळत नाही. ती शोधायची तर पुढे जावं लागतं.

मग कुशल, तिथी आणि मुक्काम. त्यानंतर येणारं ‘विशेष’ हे वाचकाने हेरायचं ठिकाण. खरा मजकूर तिथून सुरू होतो. त्यातली बहुतेक वाक्यं व्यवहाराची असतात, मुंज, लग्न, जमिनीचा वाद, देणेकऱ्यांचा तगादा, हुंडी. हे वाचून आजच्या माणसाला वाटतं, एवढ्या लांबून लिहिलं आणि नुसता हिशोबच? पण घरापासून शेकडो कोसांवर असलेल्या माणसाला घराची काळजी वाहायला हिशोब हीच जागा होती. मुंज कोणत्या मुहूर्तावर करावी आणि हुंडी कोणाच्या पेढीवर वटवावी, हे तपशिलाने लिहिणारा माणूस मनाने त्या घरातच वावरत होता.

शेवटी ‘मुखजबानी’. पत्र नेणाऱ्या किंवा सोबत जाणाऱ्या विश्वासू माणसाला काही गोष्टी तोंडी सांगितल्या जात. जे कागदावर नको ते त्याच्याजवळ. म्हणून पत्रात हा शब्द आला की समजावं, पत्राचा महत्त्वाचा भाग आपल्या हाती नाही. तो एका माणसाच्या तोंडून गेला आणि तिथेच संपला.

तिथी कशी वाचावी

जुन्या पत्रावर इसवी सन असेलच असं नाही. वर्ष बहुधा शकाचं असतं आणि जुन्या वळणाच्या कागदांत सुहूर सनाचंही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९. सुहूर सन मृगाला बदलतो. त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. हा आकडा अरबी शब्दांत लिहीत, तोही एककापासून. ‘समान अर्बैन मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, चाळीस, दोनशे आणि हजार, एकूण १२४८. त्यात ५९९ मिळवले की १८४७, महाराज गेले ते वर्ष. शकाने तेच १७६९. काशीतला शेजारी मात्र त्या दिवशी विक्रम संवत १९०४ लिहीत असे.

काशीहून आलेल्या पत्रात आणखी एक अडचण असते. दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो आणि उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच राहतं, वद्य पक्षाचं बदलतं. आपली धनत्रयोदशी आश्विन वद्य १३ ला येते. काशीच्या पंचांगात तोच दिवस कार्तिक कृष्ण १३ असतो. महाराजांचं निधन नवरात्राच्या दिवसांत, शुद्ध पक्षात झालं. त्यामुळे त्या दिवसाचा महिना काशीत आणि साताऱ्यात एकच होता. दोन आठवडे पुढचा कागद असता, तर लिहिणारा मराठी कारकून आहे की काशीतला मुनीम, हे पाहिल्याशिवाय तारीख लावता आली नसती. चुकीचा हिशोब केला तर महिन्याची गफलत होते आणि मग कारणाच्या आधी परिणाम घडलेला दिसतो.

वाट

कंपनीच्या टपालाआधी पत्रं न्यायला जासूद आणि कासीद असत. महत्त्वाचा कागद असेल तर जासुदांची जोडी पाठवत, वाटेत एकाचं बरंवाईट झालं तरी दुसरा पोचावा म्हणून. सावकारांचं स्वतःचं टपाल होतं आणि ते सरकारी टपालापेक्षाही वेगाने जाई. पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना पहिल्यांदा कळली ती सावकारी पत्रातूनच.

१८३७ मध्ये कंपनीने टपालाचा कायदा केला आणि पत्रं नेण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. दर वजनावर आणि अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडे. त्या काळी कंपनीच्या शिपायाला महिन्याला सात रुपये मिळत, हे लक्षात घेतलं की पत्र लिहिणं किती महाग होतं ते समजतं. एका पत्रात चार जणांचे निरोप का कोंबलेले असतात आणि समासातही मजकूर का लिहिलेला असतो, याचं हेही एक कारण. पैसे पाठवणाऱ्याने भरले नसतील तर घेणाऱ्याने द्यायचे. तिकीट नव्हतं.

वाटेवर हरकारे धावत. काही कोसांचा एकेकाचा टप्पा. थैली पुढच्याच्या हाती दिली की याची पाळी संपली. पावसाळ्यात नद्या अडत, जंगलातून रात्री मशाल घेऊन जावं लागे. लंडनचं पत्र आगबोटीने अलेक्झांड्रियाला, तिथून नाईल आणि वाळवंटातून सुएझला, मग पुन्हा आगबोटीने मुंबईला येई. दीड-दोन महिने लागत. प्रश्न आणि उत्तर यांत तीन-चार महिने सहज जात. म्हणजे दसऱ्याच्या आत काशीत महाराज गेले आणि त्यांच्यासाठी लंडनमध्ये भांडणाऱ्या रंगो बापूजींना ते कळेपर्यंत साल संपत आलं असणार. तोवर लंडनहून निघालेली पत्रं ज्यांच्या नावाने होती, ते हयात नव्हते.

त्यात सरकारची नजर. काशीत महाराजांवर देखरेखीला मेजर कार्पेंटर हा अधिकारी होता. पुढे त्यालाच महाराजांच्या म्हणण्यात तथ्य वाटलं आणि त्याने ते वर कळवलं. पण देखरेख म्हणजे देखरेखच. नजरकैदेतल्या राजाच्या गोटातून निघालेलं पत्र कोणी वाचणारच नाही, असं धरून चालणं शहाणपणाचं नव्हतं.

वाचणारा आणि ऐकणारी

पत्र साताऱ्याला पोचलं. आता ते कोण वाचणार? पेशव्यांच्या घरात गोपिकाबाई, आनंदीबाई यांच्यासारख्या बायका स्वतः पत्रव्यवहार करीत होत्या. पण मध्यम घरातल्या बहुतेक बायकांना १८४० च्या सुमारास अक्षरओळख नव्हती. दीर, मोठा मुलगा, घरचा कारकून किंवा गावचा कुलकर्णी पत्र वाचून दाखवी. ओसरीवर वडीलधारे बसलेले, बाई दाराआड उभी. तिचं उत्तरही ती सांगणार आणि दुसरा लिहिणार.

आता हात मोजू. सांगणारा, लिहिणारा कारकून, कदाचित मधेच फोडून पाहणारा अधिकारी, वाटेवरचे हरकारे, घरी वाचून दाखवणारा, भोवती बसलेली माणसं आणि सगळ्यांत शेवटी ती. इतक्या लोकांसमोर नवरा बायकोला काय लिहू शकेल? तब्येत सांभाळ, देवीला जात जा, मुलांना शिकव. तेवढंच. जे कोरडं दिसतं ते मनाचं कोरडेपण मानू नये, ती चारचौघांतली मर्यादा होती. काशीहून पत्राबरोबर तोंड बंद केलेली गंगोदकाची तांब्याची लोटी किंवा देवीचा प्रसाद येई. जे ओसरीवर वाचून दाखवता येणार नाही, ते अशा वस्तूच्या रूपाने पाठवता येत होतं.

आणि अशी पत्रं राहिली तरी किती? सरकारी कागद दप्तरांत राहिले, लंडनमध्ये छापलेली पत्रकं ग्रंथालयांत राहिली. घरच्या पत्रांचं तसं नव्हतं. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. रंगो बापूजी १८५३ च्या अखेरीस परतीला लागले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव उघडकीला आली आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा दिली गेली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले आणि सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. ज्या घरात कर्त्या पुरुषाच्या हस्ताक्षराचा कागद सापडणं हाच गुन्हा ठरेल, त्या घराने पत्रं जपावीत तरी कशी? राजकारण्यांच्या घरची पत्रं आज विरळ सापडतात यामागे हेही कारण आहे.

हात कमी झाले

पुढच्या तीस वर्षांत दोन बदल झाले. पहिला टपालाचा. १ ऑक्टोबर १८५४ पासून तिकीट आलं आणि अंतराचा हिशोब गेला. पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता अलाहाबादमार्गे रेल्वेने जोडले गेले. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं.

दुसरा बदल याहून मोठा. बाई स्वतः वाचू-लिहू लागली. सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. पहिलं ऑक्टोबर १८५६ चं, सातारा जिल्ह्यातल्या नायगावहून, आजारपणात माहेरी असताना लिहिलेलं. भावाने शिक्षणकार्याला नावं ठेवली आणि आपण त्याला काय उत्तर दिलं, हे त्यात आहे. ऑगस्ट १८६८ च्या पत्रात प्रेमात पडलेल्या गणेश आणि शारजा या जोडप्याला गावकऱ्यांच्या हातून कसं वाचवलं ते सांगितलं आहे. तिसरं एप्रिल १८७७ चं, ओतूरहून, दुष्काळाविषयीचं. या पत्रांत मधला कारकून नाही. काय घडलं, आपण काय केलं, आपलं मत काय, हे ती बाई थेट सांगते. काशीच्या त्या पत्रांच्या मानाने ही पत्रं इतकी मोकळी आहेत, याचं कारण सावित्रीबाईंच्या धैर्याबरोबरच हेही की लेखणी त्यांच्या स्वतःच्या हातात होती.

१८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांचं रमाबाईंशी लग्न झालं आणि त्यांनी पत्नीला शिकवायला घेतलं, तेव्हा घरातल्या बायकांचा विरोध झाला. हा विरोध रमाबाईंनी आपल्या आठवणींत सांगितला आहे. बायको वाचू लागली की पत्र वाचून दाखवणाऱ्याचं काम संपतं आणि नवरा-बायकोत एक खाजगी जागा तयार होते. एकत्र कुटुंबाला ते खटकलं असेल तर नवल नाही.

राजकारण्यांच्या बाबतीत मात्र सरकारचा हात गेला नव्हता. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांची घरची पत्रं तुरुंगाधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात आणि बरीचशी भाचे धोंडोपंत विद्वांसांच्या नावाने असत. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई जून १९१२ मध्ये पुण्यात वारल्या, तेव्हा टिळक मंडालेतच होते.

असं पत्र हाती आलं तर

मराठी घरांत, देशावर आणि काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटावरच्या जुन्या वाड्यांतही, मोडी कागदांची गाठोडी अजून आहेत. असं पत्र मिळालं तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. पाठीमागचा पत्ता, घड्यांच्या खुणा आणि तिकीट हे सगळं पत्राचाच भाग आहे. तिकीट असेल तर पत्र १८५४ नंतरचं. घड्या जोर लावून उलगडू नयेत, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. मोडी येत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत वाचणारी माणसं भेटतात आणि लिपी शिकायचे वर्गही असतात.

मग क्रमाने पाच प्रश्न विचारावेत. मायना कोणाला आहे? मुक्काम आणि तिथी काय, आणि तिथी कोणत्या पंचांगाची? ‘विशेष’नंतर पहिली गोष्ट कोणती आली? अक्षर सांगणाऱ्याचं की कारकुनाचं? आणि घरी ते कोणी वाचून दाखवलं असेल? यातला शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत आणि पत्राला कोरडं ठरवून मोकळे होतात. तो विचारला की मुंजीच्या आणि हुंडीच्या ओळीही वेगळ्या दिसतात. राजाच्या हक्कासाठी परमुलखात आयुष्य घालवणाऱ्या माणसांचा इतिहास आपण त्यांच्या अर्जांवरून आणि भाषणांवरून लिहितो. त्यांच्यामागे घर चालवणाऱ्या बायकांचा इतिहास या हिशोबाच्या ओळींत आहे, आणि तो तितक्याच काळजीने वाचला गेला पाहिजे.